ठाण्यात कपड्यांवर तुमचे किती जातात? (आणि मला सर्व्हिस लिफ्ट का दाखवली)

भुईकोट_ते_घोडबंदर | ७ नोव्हेंबर, रात्री १०:१२

मंडळी, मी मूळचा सोलापूरचा. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन ठाण्यात आलो, मानपाड्याच्या पुढे भाड्याने राहतो. वय ४६, कंबर ३८, पगार सांगत नाही.

गेल्या रविवारी सकाळी दळण घेऊन येत होतो. अंगात धुऊन धुऊन बनियनच्या मार्गावर निघालेला टी-शर्ट, खाली बायकोने फरशी पुसायला दोनदा मागितलेली हाफ पँट, खांद्यावर पिठाचा डबा. लिफ्टपाशी नवा वॉचमन होता. म्हणाला, "भैया, कामवाले उधर से," आणि सर्व्हिस लिफ्टकडे बोट. मी गुमान तिकडून गेलो. वर जाऊन बायकोला सांगितलं तर ती पिठाचा डबा हातात धरून हसतच राहिली. हसून झाल्यावर म्हणाली, "तरी मी सांगत होते."

तेव्हापासून डोक्यात हिशेब सुरू आहे. सोलापुरात दिवाळीला एक जोड, घरचं लग्न असेल तर एक, संपला विषय. इथे सोसायटीच्या गणपतीला एका रंगाचे कुर्ते, नवरात्रात बायकोचे नऊ रंग, पोराच्या शाळेत दर महिन्याला कसला तरी 'कलर डे', ऑफिसात शुक्रवारचे कपडे वेगळे. बँकेचं पासबुक काढून बसलो. गेल्या वर्षात चौघांचे ७१,४०० गेले. त्यात माझे, बूट धरून, ६,२००.

आता पुढचं संकट. १२ डिसेंबरला मेहुणीच्या मुलीचं लग्न आहे, इथेच ठाण्यात. बायको म्हणते सूट हवा. गोखले रोडच्या एका दुकानात कोट, पँट, आत जाकीट मिळून १८,५०० सांगितले. माझ्याकडे लग्नातला सूट आहे, २००८ साली सोलापुरात शिवलेला. तेव्हा कंबर ३२ होती.

तुमच्याकडे किती खर्च होतो? आणि या वयात एका संध्याकाळसाठी साडेअठरा हजार घालावेत का?

चहा_बिस्कुट | ७ नोव्हें, १०:१९

रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

तिरका_काना | ७ नोव्हें, १०:३१

पीठ किती किलो होतं? दहाच्या वर असेल तर वॉचमनने उपकारच केले. सर्व्हिस लिफ्ट मोठी असते आणि तिच्यात आरसा नसतो.

मिनी_नौपाडा | ७ नोव्हें, १०:५८

चौघांचे ७१ हजार म्हणजे तुमच्या घरात संत राहतात. पण त्यात ब्लाउजची शिलाई धरली आहे का? ती रोख जाते, पासबुकात दिसत नाही. बायकोला विचारा आणि मग इथे परत या.

माझं ताजं उदाहरण. जांभळी नाक्यावर घासाघीस करून १,४०० ला साडी घेतली, फार खूश झाले. मग अस्तराचा ब्लाउज १,१५०, फॉल-पिको १५०, मॅचिंग परकर २८०. म्हणजे साडीपेक्षा साडीच्या नातेवाईकांवर जास्त गेले.

ऐरोलीचा_बंडू | ७ नोव्हें, ११:२०

माझा खर्च शून्याच्या जवळपास. आयटीत ११ वर्षं, कंपनीने फुकट दिलेले १४ टी-शर्ट. त्यातले तीन अशा प्रोजेक्टचे जे कधी पूर्णच झाले नाहीत. थंडीला हुडी, तीही फुकट. ऐरोलीच्या आयटी पार्कात शिरताना गळ्यातलं कार्ड बघतात, शर्ट कोणी बघत नाही. लग्नाला बायको सांगेल ते.

तिरका_काना | ७ नोव्हें, ११:२४

बंडूशेठ, कार्ड गळ्यात घालूनच दळणाला जात जा.

पामबीच | ८ नोव्हें, सकाळी ७:४५

धागाकर्त्याला कटू वाटेल, पण बोलतो. गावात तुम्ही ठिगळाचा सदरा घालून फिरलात तरी अमक्या मास्तरांचा मुलगाच असता. सगळ्यांना घर माहीत, आजोबा माहीत. इथे आपल्याला शेजारचा ओळखत नाही. लिफ्टमधल्या चाळीस सेकंदांत समोरच्याकडे आपल्याविषयी एवढीच माहिती असते. ती नीट द्यायला काय हरकत आहे? मी वर्षाला चार शर्ट घेतो, प्रत्येकी चार हजारांच्या आसपास, चार-चार वर्षं टिकतात. घरात घालायलाही बरे कपडे ठेवतो. भपका नको, पण जुने ते फेकवत नाहीत म्हणून अंगावर का वागवायचे?

सूट मात्र घ्या. फोटो राहतात.

हिशेबनीस | ८ नोव्हें, ९:१०

पामबीच यांच्या शर्टाचा हिशेब मांडतो. ४,०००चा शर्ट ८० वेळा घातला तर वेळेला ५० रुपये. ६००चा शर्ट १५ धुण्यांत गेला तर वेळेला ४०. म्हणजे स्वस्तातलाच स्वस्त. 'महाग घ्या, टिकतं' हे फक्त बुटांच्या बाबतीत मला खरं ठरलेलं आहे.

पण इथे कोणी इस्त्री धरलेली नाही. आमच्याकडे खालचा इस्त्रीवाला नगाला १० रुपये घेतो. शर्ट-पँट मिळून रोजचे २०, कामाचे २२ दिवस, महिन्याला ४४०, वर्षाचे ५,२८०. धागाकर्ते वर्षाला ६,२०० चे कपडे घेतात आणि जवळपास तेवढ्याचीच इस्त्री करून घेतात.

दुसरं, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के आणि त्याच्यावर १८. आधी हजारापर्यंत ५ आणि वर १२ होता. म्हणजे पंधराशेचा कुर्ता स्वस्त झाला आणि सूट महागला. कापड मात्र कितीही भारी घ्या, ५ टक्केच. म्हणून सूट हवाच असेल तर कापड घेऊन शिवा. शिलाई महाग झाली आहे हे खरं, त्या लोकांनी तर लूटच मांडली आहे, तरीही तयारपेक्षा कमी पडेल.

सुईदोरा | ८ नोव्हें, दुपारी २:४०

एरवी फक्त वाचते. पण 'लूट' वाचून हातातलं काम ठेवलं.

मी कोपरखैरण्यात घरून ब्लाउज शिवते, सोळा वर्षं झाली. माझे दर: साधा ३५०, अस्तराचा ६५०, प्रिन्सेस कटला कप घालून ९००. नौपाड्यात, वाशीत बुटीकमध्ये याच्या दुप्पट घेतात, त्यात त्यांचं दुकानाचं भाडं असतं. आता ६५० मध्ये काय येतं ते ऐका. अस्तर मी आणते. ते आधी पाण्यात भिजवून, वाळवून, आटवून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं, वरचं कापड तसंच राहतं आणि ब्लाउजला चुण्या पडतात. साडीतला ब्लाउजपीस येतो ८० सेंटीमीटर. त्यात बाईंना कोपरापर्यंत बाही हवी, मागे गाठ हवी आणि काठ दोन्ही बाह्यांना सारखा हवा. कापायच्या आधी अर्धा तास नुसतं मांडून बघते, जोड कुठे लपवता येईल म्हणून. मग शिवण, हुक, हातशिलाई, लटकन. एकाला चार तास लागतात. तासाचे किती झाले ते हिशेबनीस साहेबांनी काढावं, त्यांना आवडतं.

शिवाय मोबाईलवर फोटो येतो. फोटोतल्या मुलीची कंबर २६ असते आणि ब्लाउज ४२ छातीचा शिवायचा असतो. तसाच दिसला पाहिजे.

राहिलं धागाकर्त्यांच्या सूटचं. तो जुना सूट फेकू नका. उलटा करून बघा. जुने टेलर शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडायचे. आम्ही अजूनही ब्लाउजला दोन्ही कुशींत दीड-दीड इंच माया सोडतो. बाई जाड होते, बाळंत होते, ब्लाउज उसवून परत येतो. तयार कपड्याला पाव इंचावर कापून ओव्हरलॉक मारलेलं असतं, तिथे उसवायला काही उरतच नाही. कोटाच्या पाठीच्या मधल्या शिवणीत बघा, आणि कुशीत.

हिशेबनीस | ८ नोव्हें, २:५८

ताई, 'लूट' शब्द मागे घेतो. अस्तर, हुक, वीज वजा करून तासाला सव्वाशेच्या आसपास बसतात. आमच्या इथे प्लंबर नळ बघायचे ३०० घेतो, नळ गळतच राहतो.

मिनी_नौपाडा | ८ नोव्हें, ३:०५

सुईदोरा, तुमच्याकडे दसऱ्याच्या आधी दिलेला ब्लाउज दसऱ्याच्या आधी मिळतो का, एवढंच सांगा. रांग लावते.

सुईदोरा | ८ नोव्हें, ३:४४

कोणत्या दसऱ्याच्या ते सांगा.

आठ_बेचाळीस_फास्ट | ८ नोव्हें, रात्री ९:३०

गेली २२ वर्षं ठाणे ते सीएसएमटी. माझे कपडे कोणत्या दुकानातून येतात हे मी ठरवत नाही, लेडीज डबा ठरवतो. लिनन कितीही देखणं असू दे, मुलुंड यायच्या आत त्याचा पापड होतो. लांब ओढणी बंद. एकदा माझी ओढणी एका बाईच्या पिशवीच्या चेनमध्ये अडकली आणि ती घाटकोपरला उतरली. मी पण उतरले. पर्यायच नव्हता. तेव्हापासून कुर्ता गुडघ्याच्या वर, खिसा असलेला, आणि कापड असं की घाम दिसू नये. आकाशी आणि राखाडी रंगांवर घाम उठून दिसतो, हे मुंबईच्या दुकानदारांना अजून कोणी सांगितलेलं नाही. पावसाळ्यात जीन्स तीन दिवस वाळत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर पातळ पँट आणि रबरी चप्पल. बूट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

खरेदीही बरीच गाडीतच होते. कुर्त्या विकणारी एक बाई आमच्या डब्यात यायची. माप घ्यायची तिची पद्धत म्हणजे नुसतं बघणं. "तुम्हारा एक्सएल, मॅडम, कितना भी मना करो." कधी चुकली नाही.

नऊ रंगांबद्दल: हा वर्तमानपत्राने लावलेला खेळ आहे, शास्त्रात कुठे नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. तरी त्या दिवशी अख्खा डबा पिवळाधमक होतो आणि आपण निळ्यात असलो की गणवेश विसरून शाळेत आल्यासारखं वाटतं. मी नऊही रंग एकदाच घेऊन ठेवले, गेली सहा वर्षं तेच. क्रम बदलतो, साड्या त्याच.

जुन्या साड्यांचं काय करता? पूर्वी बोहारीण यायची. आई चार साड्या देऊन एक पातेलं घ्यायची आणि दोघी तासभर भांडायच्या. आई झाकणासाठी, ती आणखी एका पँटसाठी. आता टॉवरमध्ये बोहारणीला गेटवरच अडवतात.

प्रश्नचिन्ह | ८ नोव्हें, ११:५०

कपडे कोणते घालावेत यावर एवढं बोलून झालं. पण मुळात कामाला येणाऱ्या माणसांनी वेगळ्या लिफ्टने का जायचं, हे कोणी विचारलंच नाही. भुईकोट यांना वाईट वाटलं ते 'कामवाला' समजल्याचं. जो खरंच कामाला येतो त्याला तो वॉचमन रोज तेच सांगतो, त्याने कुठे धागा काढायचा?

पामबीच | ९ नोव्हें, सकाळी ७:३२

आला विषय भलतीकडे. सर्व्हिस लिफ्ट सामानासाठी असते. धागा कपड्यांचा आहे.

गावठाण_घणसोली | ९ नोव्हें, १०:१५

भलतीकडे नाही, तिकडेच आहे. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० साली आली, आमच्या जमिनी गेल्या. आमचे आजोबा शेवटपर्यंत रुमाल आणि बंडीत. नव्या बिल्डिंगमध्ये ओळखीच्यांकडे गेले की त्यांना गेटवर विचारायचे, "किधर जाना है?" ते म्हणायचे, "जमीन बघाया आलो, हितं माजी वांग्यांची वाडी होती." वॉचमनला कळायचं नाही, आजोबांना मजा यायची.

पण आम्हीही काही साधे राहिलो नाही. आमच्याकडे हळदीला सगळ्या घराचे एका रंगाचे कपडे लागतात. परवा चुलतभावाच्या हळदीला ४२ शर्ट एका ताग्यातून शिवले, शिलाईसकट ९०० चा एक. बायकांच्या साड्या वेगळ्या. एक काका म्हणाले, माझ्याकडे पिवळा आहे, नवा कशाला? तो पिवळा जरा लिंबाकडे जाणारा निघाला. सगळ्या फोटोंत काका कडेला उभे, फोटोग्राफरनेच सरकवले. नंतर तो शर्ट परत कोणी घालत नाही. ४२ माणसं एकाच रंगात बाजारात दिसली तर लोकांना वाटेल मोर्चा निघाला.

यावर आमच्याकडे आता बोलणं सुरू झालंय, खर्च आवरा म्हणून. बोलणारे पण मॅचिंग शर्टातच असतात.

कोमल_सीवूड्स | ९ नोव्हें, दुपारी १२:२२

मी २४ वर्षांची, पगार ३२ हजार, कपड्यांवर महिन्याला साडेतीन हजार. सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. झुडिओत जाते, ऑनलाइन मागवते, आवडलं नाही की परत. एकच ड्रेस तीन फोटोंत नको वाटतो, हो. मैत्रिणीच्या लग्नाला लेहेंगा भाड्याने आणला, २,८०० आणि डिपॉझिट. विकत घेतला असता तर २२ हजार आणि वर कपाटात जागा.

दिवाळी पहाटेला राम मारुती रोडला आलात का कधी? पहाटे साडेपाचला मुलं-मुली सदरे, साड्या, नथ, गजरे घालून तलावपाळीपर्यंत नुसती फिरतात. काम काहीच नसतं, फक्त छान दिसायचं असतं. मी नेरूळहून पहिल्या गाडीने जाते त्यासाठी.

काटकसर_बाबा | ९ नोव्हें, १२:४०

साडेतीन हजार!! आमच्या वेळी एवढ्यात अख्ख्या घराची दिवाळी व्हायची. पगाराच्या ११ टक्के चिंध्यांवर. या पिढीला बचत म्हणजे

काटकसर_बाबा | ९ नोव्हें, १२:४१

मोबाईलवरून अर्धवट गेलं. म्हणजे काय तेच माहीत नाही, असं म्हणायचं होतं.

कोमल_सीवूड्स | ९ नोव्हें, १२:५५

काका, पाच हजार दर महिन्याला आरडीत जातात. तुमच्या वेळी नेरूळमध्ये घर कितीला होतं ते पण सांगा ना. ते मला ड्रेस न घेऊन मिळणार असेल तर आजपासून एकाच ड्रेसवर राहते.

तिरका_काना | ९ नोव्हें, १:०२

*(खुर्ची ओढून बसतो)*

संपादक_मंडळ | ९ नोव्हें, १:४८

वैयक्तिक शेरे असलेले सहा प्रतिसाद उडवले आहेत. धागा कपड्यांचा आहे, पिढ्यांचा नाही.

जुना_ठाणेकर | ९ नोव्हें, संध्या. ६:१०

उडवलेले प्रतिसाद वाचायचे राहिले, असो.

माझे वडील पोखरण रोडच्या रेमंड मिलमध्ये विणाई खात्यात होते. ही मिल १९२५ पासूनची. आता तिथे टॉवर आहेत, त्यातल्या एकात माझा भाचा राहतो. मजा बघा, वडील जन्मभर सुटाचं कापड विणत होते, पण त्यांचा स्वतःचा सूट एकच. तोही माझ्या बहिणीच्या लग्नात शिवलेला, एरवी पांढरा पायजमा आणि शर्ट. पण कापडाला हात लावला की सांगायचे. रस्त्यात कोणी सुटातला दिसला की माणसाचा चेहरा बघायच्या आधी बाही बघायचे.

त्यांनी शिकवलेलं भुईकोट यांना देतो. कोटाची बाही मुठीत घट्ट दाबा, दहा आकडे मोजा, सोडा. लोकर चांगली असेल तर कापड हळूहळू स्वतःच मोकळं होतं. टेरिकॉट हाताच्या रेषा दाखवत बसतं. आतल्या शिवणीचा एक धागा काढून काडीने पेटवून बघा. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. दुकानात मात्र हे करू नका, मी एकदा केलं आहे.

शर्ट शिवणार असाल तर ५८ इंच पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) कापड १.६० मीटर पुरतं, ३६ इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर लागतं. दुकानदार दोन्हीचा भाव मीटरवरच सांगतो आणि आपण फसतो.

मी स्वतः सफारीवाला. चार खिसे. हसा.

ऐरोलीचा_बंडू | ९ नोव्हें, ६:२५

काका, सफारी परत फॅशनमध्ये येतेय, शपथ. फक्त तिला आता 'को-ऑर्ड सेट' म्हणतात.

जुना_ठाणेकर | ९ नोव्हें, ६:५०

नाव काहीही ठेवा, खिसे काढू नका म्हणावं.

मिनी_नौपाडा | ९ नोव्हें, ९:१५

थोडं अवांतर. पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी शिवलेली नऊवारी घेतली होती. आजी खरी नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर, पाच मिनिटांत नेसायची आणि तीच नेसून आडाचं पाणी काढायची. माझी सहावारीतूनच शिवलेली, पायजम्यासारखी चढवायची, मागे चेन. भावाच्या बुलेटवर मागे बसले, तलावपाळीच्या वळणावर चेन गेली. बाकीची स्वागतयात्रा मी शाल पांघरून केली, एप्रिलमध्ये. लोकांना वाटलं ताप आलाय.

आठ_बेचाळीस_फास्ट | ९ नोव्हें, ९:२२

मिनी, हसून हसून पुरेवाट. पर्समध्ये सेफ्टी पिना ठेवत जा गं. मुंबईत मोबाईल विसरला तर चालतो.

भुईकोट_ते_घोडबंदर | १० नोव्हें, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार. चार दिवस रोज वाचतोय.

बायकोला शिलाईचं विचारलं. मिनीताई, का विचारायला लावलंत? ७१ चे ८६ झाले.

प्रश्नचिन्ह यांचं बोलणं जरा लागलं. खरं आहे, मला राग आला तो मला त्यांच्यात धरलं म्हणून. आमच्याकडे धुणंभांड्याला येतात त्या मावशींना विचारलं, तुम्ही कोणत्या लिफ्टने येता? म्हणाल्या, "ती मोठीच बरी भाऊ, तिथं कुणी नाक मुरडत नाही." आणि त्या आमच्या घरातल्या कोणाहीपेक्षा नीटनेटक्या साडीत येतात. इस्त्री केलेल्या. घरून निघताना एक साडी, काम करताना दुसरी, पिशवीत घडी घालून आणलेली. मी दोन वर्षांत हे कधी पाहिलंच नव्हतं.

सूट उलटा केला. कोटाला माया आहे! पाठीत चांगली इंच-इंच. शनिवारी टेलरकडे जातो.

प्रश्नचिन्ह | १० नोव्हें, ११:०५

लागावं म्हणून नव्हतं लिहिलं. पण विचारलंत हे बरं केलंत.

पामबीच | ११ नोव्हें, सकाळी ७:४०

सतरा वर्षांपूर्वीचे खांदे आणि कॉलर आता चालत नाहीत. टेलर शिवण सैल करेल, काट बदलणार नाही. आधीच सांगून ठेवतो.

चहा_बिस्कुट | २ डिसेंबर, दुपारी ४:०५

धागा वर काढतोय. सुटाचं काय झालं?

भुईकोट_ते_घोडबंदर | १३ डिसेंबर, दुपारी १:२०

कालच लग्न झालं, आत्ता उठलो.

नौपाड्यातल्या एका गल्लीत म्हातारे टेलर सापडले, दुकान एवढंसं की ग्राहकाने हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. त्यांनी कोट टेबलावर उलटा टाकला, पाठीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "कुठं शिवला?" सोलापूर म्हटल्यावर नुसती मान हलवली. मग पात्याने टाके तोडत गेले. शिवण उघडली तर आतलं कापड गडद निळं, नव्यासारखं, आणि बाहेरचं थोडं विटलेलं. मधोमध जुन्या टाक्यांच्या बारीक भोकांची सरळ रेघ. मला म्हणाले, ही रेघ वाफ देऊन बसवतो, पण रंगाची पट्टी दिसणार, पाठीमागे. मी म्हटलं, पाठ मला दिसत नाही.

पँटला आशा नव्हती. जागा सोडूनही तीन इंच निघाले, मला सहा हवे होते. राखाडी पँट नवी शिवली, कापड १.३० मीटर. हिशेबनीस यांच्यासाठी: कोटाचं काम १,४००, कापड १,१५०, पँटची शिलाई ७५०. एकूण ३,३००. पामबीच, खांदे जुने दिसतात हे बरोबर. मेहुणा म्हणाला, भाऊजी, दूरदर्शनच्या बातम्या सुरू करा. मधलं बटण लागतं, जेवण झाल्यावर नाही.

आणि खरी गंमत रात्रीची. साडेअकराला घरी परतलो. गेटवर एजन्सीने पुन्हा बदललेला तिसराच वॉचमन. मला बघून खुर्चीवरून उठला, कडक सलाम ठोकला आणि म्हणाला, "सर, किसके यहाँ आये हैं? विजिटर रजिस्टर में एंट्री करनी पड़ेगी."

केली. 'कोणाकडे' या रकान्यात माझंच नाव लिहिलं.

तिरका_काना | १३ डिसें, १:२६

आणि 'कामाचं स्वरूप'?

भुईकोट_ते_घोडबंदर | १३ डिसें, १:३१

'मुक्काम'.

प्रश्नचिन्ह | १३ डिसें, १:५०

लिफ्ट कोणती?

भुईकोट_ते_घोडबंदर | १३ डिसें, १:५३

मोठी. दुसरी मेंटेनन्सला बंद होती. चौदाव्या मजल्यापर्यंत मी, बायको, दोन पोरं आणि कोणाचं तरी कपाट.

सुईदोरा | १३ डिसें, रात्री ८:१५

पाठीच्या शिवणीचा फोटो टाका. पट्टी किती रुंद दिसते ते बघायचं आहे. आणि टेलरांना विचारा, वाफ देताना खाली ओलं फडकं ठेवलं होतं का, माझ्याकडे एका पैठणीच्या ब्लाउजला तशीच रेघ राहिली आहे.

चहा_बिस्कुट | १३ डिसें, ८:२०

रुमाल उचलतो. कोणीतरी त्याला इस्त्री करून ठेवली आहे, १० रुपये कोणाला द्यायचे?